वाचकांचे प्रश्न : उपनगरातील मंडळी आणि तिची पुढची दहा वर्षे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती, म्हणजे चर्चच्या स्थानिक मंडळीने आपल्या वाढीची योजना करावी की नाही आणि कशी करावी याभोवती, फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेत आहे. दोन पत्रे अमेरिकेतून आली आहेत आणि एक पुण्याहून. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण तो प्रश्नच तसा आहे.

प्रश्न : प्रभूमध्ये सलाम. मी मूळची नगरची; माझे बालपण सी.एन.आय.च्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत गेले. गेली चौदा वर्षे मी न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीतील एका उपनगरात राहते आणि तेथील एपिस्कोपल पॅरिशची सभासद आहे. आमचे चर्च १९५०च्या दशकात बांधलेले आहे. रविवारच्या दोन उपासनांना मिळून सरासरी ११० माणसे येतात. या जानेवारीतील वार्षिक सभेत माझी तीन वर्षांसाठी व्हेस्ट्रीवर निवड झाली. एका दिवंगत सभासदाने मृत्युपत्राद्वारे आमच्यासाठी बरीच मोठी रक्कम ठेवली आहे. काही जणांना त्यातून हॉल वाढवायचा आहे, काहींना रक्कम ठेवीत ठेवायची आहे, आणि रेक्टर म्हणतात की आधी दहा वर्षांची योजना करू. ही योजना करण्याच्या समितीत मला घेतले आहे. सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ताई, सलाम. ज्या वाचकांना ही व्यवस्था परिचित नाही त्यांच्यासाठी आधी थोडा खुलासा करतो. एपिस्कोपल चर्च ही अँग्लिकन परिवाराची अमेरिकेतील मंडळी आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून स्थापन झालेली सी.एन.आय. त्याच परिवारात आहे, म्हणून ताईंना तेथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. पॅरिश म्हणजे साधारणपणे आपला खर्च आपण भागवणारी स्थानिक मंडळी, रेक्टर म्हणजे तिचे प्रमुख पाळक, आणि व्हेस्ट्री म्हणजे आपल्या पास्टरेट कमिटीसारखी सभासदांनी निवडून दिलेली समिती.

तुमचे रेक्टर योग्य तेच सांगत आहेत. हॉलचा निर्णय पहिल्या वर्षी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे एक कारण नियमाचे आहे. चर्चची मालमत्ता विकण्यास किंवा तिच्यावर कर्जाचा बोजा चढवण्यास बिशप आणि धर्मप्रांताची (म्हणजे बिशपांच्या देखरेखीखालील मंडळ्यांच्या समूहाची) स्थायी समिती यांची लेखी संमती लागते. शिवाय पॅरिशची मालमत्ता ही धर्मप्रांत आणि संपूर्ण चर्च यांच्यासाठी विश्वस्त म्हणून धारण केलेली आहे, असे १९७९च्या नियमाने स्पष्ट केले आहे. बांधकामासाठी मृत्युपत्राची रक्कम पुरली नाही आणि कर्ज काढावे लागले, तर ही संमती घ्यावीच लागेल. म्हणून नकाशे तयार झाल्यावर बिशपांच्या कार्यालयाकडे जाण्यापेक्षा विचाराच्या पहिल्याच टप्प्यावर तेथे जाणे शहाणपणाचे ठरते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. तुमचे चर्च ज्या काळात उभे राहिले तो काळ समजून घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले, त्यांनी उपनगरांत घरे घेतली, मुलांचे जन्म वाढले, आणि नव्या वसाहतीत चर्च बांधले की ते भरेल, अशी जवळजवळ खात्री होती. त्या दशकातील चर्चना संडेस्कूलच्या खोल्यांची लांबच लांब ओळ असते ती याचमुळे. आज त्यांतल्या कित्येक खोल्यांमध्ये जुन्या खुर्च्या आणि नाताळच्या देखाव्याचे सामान ठेवलेले दिसते. त्या पिढीने चूक केली असे मी म्हणणार नाही. तिने आपल्या काळाकडे पाहून बांधले. आपण मात्र तिच्या काळाकडे पाहून बांधू नये.

मोठ्या आकड्यांचे ध्येय ठेवून योजना करण्याचा एक अनुभव संपूर्ण एपिस्कोपल चर्चच्या पदरी आहे. २००० साली चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनाने २०२०पर्यंत संख्या दुप्पट करण्याचा संकल्प सोडला. तेव्हा अमेरिकेतील रविवारची सरासरी उपस्थिती सुमारे साडेआठ लाख होती. २०१९मध्ये, म्हणजे महासाथीच्याही आधी, ती सुमारे ५ लाख १८ हजारांवर आली होती. संकल्प करणाऱ्यांची तळमळ खोटी नव्हती. परंतु संख्या ही एखाद्या मंडळीच्या हातातली गोष्ट नसते. आलेल्या माणसाचे काय करायचे, कोणाच्या दारी जायचे, कोणती सवय सोडायची, या गोष्टी मात्र हातात असतात. तुमच्या योजनेत ‘दहा वर्षांत ११०चे २२०’ असे वाक्य कोणी लिहू लागले, तर त्यांना प्रेमाने थांबवा.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो. प्रत्येक पॅरिशला दर वर्षी १ मार्चपर्यंत वार्षिक अहवाल पाठवावा लागतो. त्यात सभासदसंख्या, रविवारची सरासरी उपस्थिती, बाप्तिस्मे, दृढीकरणे, अंत्यविधी, वर्गणीची वचने आणि खर्च हे सारे असते. मागील दहा वर्षांचे असे अहवाल काढा आणि समितीच्या पहिल्या बैठकीत एवढेच काम करा. ११० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. तो दहा वर्षांपूर्वी १५० होता की ८०? महासाथीनंतर तो कितीवर गेला आणि कितीवरून परत आला? अंत्यविधी बाप्तिस्म्यांच्या किती पट आहेत? वर्गणीच्या एकूण रकमेचा निम्मा भाग किती घरांतून येतो, आणि त्या घरांतील माणसांचे वय काय? हा शेवटचा प्रश्न अवघड वाटतो. तो खजिनदारांनी नावे न सांगता, केवळ संख्येत मांडावा. मी ज्या व्हेस्ट्रीत काम केले तेथे हा प्रश्न आम्ही पाच वर्षे टाळला. वाढीच्या अपेक्षेने हॉलला नवा भाग जोडला, आणि तो पूर्ण होईपर्यंत सर्वांत मोठे दान देणारी तीन घरे फ्लोरिडाला राहायला गेली. इमारत सुंदर झाली होती, परंतु पुढची कितीतरी वर्षे आम्ही तिची वीज आणि विमा भरण्यासाठीच जेवणावळी करत राहिलो. माणसांकडे पाहायला हवे होते तेव्हा आम्ही भिंतींकडे पाहत होतो, याचे दुःख मला आजही आहे.

तुमच्या पत्रातील खरा गाभा ११० या संख्येतच आहे. एपिस्कोपल चर्चच्या मंडळीविकास विभागात काम केलेले आर्लिन रोथॉग यांनी १९८०च्या दशकात मंडळ्यांचे आकारानुसार चार प्रकार सांगितले, आणि आजही बहुतेक धर्मप्रांत तीच भाषा वापरतात. पन्नासपर्यंत उपस्थिती असलेली मंडळी कुटुंबासारखी चालते. तेथे एखादी आजी किंवा एखादे काका हेच खरे केंद्र असतात. पन्नास ते दीडशेपर्यंत पाळक केंद्रस्थानी असतो. दीडशेच्या पुढे, साडेतीनशेपर्यंत, मंडळी उपक्रमांवर आणि ते चालवणाऱ्या सभासदांवर उभी असते. त्याहून मोठी मंडळी एखाद्या संस्थेसारखी असते. तुम्ही दुसऱ्या प्रकारात आहात आणि तुमची समिती नकळत तिसऱ्या प्रकाराची योजना करत आहे.

या दोहोंतील अंतर केवळ चाळीस माणसांचे नाही. शंभर माणसांच्या मंडळीत रेक्टर प्रत्येकाला नावाने ओळखतात, दवाखान्यात भेटायला स्वतः येतात, मुलीची परीक्षा कशी झाली ते विचारतात. तुम्हाला हे चर्च आवडले त्याचे कारण बहुधा हेच असेल. दोनशे माणसांत एका पाळकाला हे शक्य नसते. तेव्हा भेटीला येणारी व्यक्ती सभासदांपैकीच कोणीतरी असते, आणि ज्येष्ठ मंडळींना वाटते की रेक्टरना आता आपली पर्वा उरली नाही. रेक्टर तसेच धावत राहिले तर ते थकतात; त्यांनी कामे वाटून दिली तर त्यांच्यावर तक्रारी येतात. अनेक पॅरिश १४०-१५०पर्यंत जाऊन पुन्हा ११०वर का येतात, याचे उत्तर मला येथे दिसते. लोकांना वाढ हवी असते, पण वाढीसाठी सोडावी लागणारी जवळीक सोडवत नाही. हॉल कितीही मोठा बांधला तरी हा अडथळा तसाच राहतो.

म्हणून योजनेची पहिली दोन वर्षे माणसे तयार करण्यासाठी ठेवा. आजाऱ्यांना भेटी देणारा, त्यांच्याकडे प्रभुभोजन घेऊन जाणारा सभासदांचा गट आत्ताच, म्हणजे गरज वाटण्याआधी, तयार करा. बिशपांच्या परवान्याने सभासद हे काम करू शकतात. नव्याने आलेल्या माणसाची नोंद कोण ठेवते, आठवड्याच्या आत त्याला फोन कोण करते, सहा महिन्यांनी तो येत आहे की नाही हे कोण पाहते, हे नावानिशी ठरवा. गेल्या वर्षी किती नवी माणसे आली आणि त्यांतली किती टिकली, हे कोणी मोजलेले नसेल तर आश्चर्य नाही, परंतु मला विचाराल तर योजनेतला सर्वांत उपयुक्त आकडा तोच असेल.

त्यानंतर गावाकडे पाहा. न्यू जर्सीत याची फार चांगली सोय आहे आणि चर्चची माणसे तिचा उपयोग करत नाहीत. तेथील कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेला आपल्या विकास आराखड्याचा किमान दहा वर्षांतून एकदा फेरविचार करावा लागतो. शिवाय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली दिलेल्या माउंट लॉरेल निकालामुळे परवडणाऱ्या घरांना आपल्या हद्दीत वाव देण्याचे बंधन नगरपालिकांवर आहे, आणि त्याची चौथी फेरी २०२५ ते २०३५ अशी दहा वर्षांची आहे. म्हणजे तुमच्या चर्चपासून दोन-तीन मैलांत कोणत्या रस्त्यावर किती सदनिका होऊ शकतात, याचा कागद नगरपालिकेत उपलब्ध असतो. त्याच्याशेजारी शाळामंडळाचे पटसंख्येचे अंदाज आणि जनगणनेचे आकडे ठेवा. मग एका शनिवारी समितीने सगळे कागद बाजूला ठेवून त्या परिसरात पायी फिरावे. बसथांब्यावर कोण उभे आहे, कपडे धुण्याच्या दुकानात कोणती भाषा ऐकू येते, संध्याकाळी सहा वाजता मुले कोठे असतात, हे कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

तुमच्या काउंटीत एडिसन आणि इझेलिनच्या आसपास आपली किती माणसे आहेत, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. येथे एक गोष्ट जपून सांगतो. समितीतील कोणी उत्साहाने म्हणेल की तुम्ही भारतीय आहात, तेव्हा भारतीयांना आणण्याचे काम तुमचे. हे काम एकट्याने अंगावर घेऊ नका. शेजारचे बहुसंख्य भारतीय हिंदू आहेत. ते शेजारी आहेत, आणि त्यांच्याशी शेजारधर्माने वागणे हे स्वतःच पुरेसे आणि चांगले काम आहे. जे ख्रिस्ती आहेत त्यांच्यापैकी सी.एन.आय., सी.एस.आय. (चर्च ऑफ साउथ इंडिया) आणि केरळमधील मार थोमा मंडळीतून आलेल्यांचा एपिस्कोपल चर्चशी पूर्ण सहभागितेचा, म्हणजे एकमेकांचे संस्कार आणि पाळक मान्य करण्याचा, संबंध आहे, पण हे त्यांतल्या पुष्कळांना कोणी सांगितलेले नसते. चर्चच्या फलकावर आणि संकेतस्थळावर तेवढे एक वाक्य लिहिण्यास खर्च येत नाही. आणि एखाद्या भारतीय मंडळीला रविवारी दुपारी उपासनेसाठी जागा हवी असेल, तर तिला केवळ भाडेकरू समजू नका. वर्षातून चार उपासना एकत्र ठेवा, व्हेस्ट्रीच्या बैठकीला तिचा प्रतिनिधी बोलवा. स्वयंपाकघरातील कपाटांच्या किल्ल्यांवरून असे संबंध तुटलेले मी पाहिले आहेत.

पैशाबद्दल थोडक्यात. मृत्युपत्रात रकमेचा हेतू लिहिला आहे का, हे वकिलाकडून तपासून घ्या. हेतू लिहिलेला नसेल तर आधी छप्पर, बॉयलर, रॅम्प आणि स्वच्छतागृहे यांची पाहणी करून पुढे ढकललेल्या दुरुस्त्या त्यातून उरका. व्हीलचेअर आत येऊ शकत नाही अशा चर्चने वाढीच्या गोष्टी करू नयेत. उरलेली रक्कम ठेवीत ठेवून तिच्या मागील तीन वर्षांच्या सरासरी मूल्याच्या चार-पाच टक्क्यांहून अधिक दर वर्षी काढू नये, ही चालत आलेली रीत चांगली आहे. काही जण अर्धवेळ युवापाळक किंवा सहपाळक नेमावा असे सुचवतील, आणि मला स्वतःला हॉलपेक्षा ती सूचना अधिक पटते. मात्र दीक्षित पाळकाच्या वेतनावर निवृत्तिवेतन निधीसाठी १८ टक्के भरावे लागतात, आरोग्यविमा वेगळा, हे धरूनच हिशेब करा आणि तीन वर्षांनंतर तो खर्च वर्गणीतून कसा भागेल हे आजच लिहून ठेवा.

शेवटी, दहा वर्षांत तुमचे रेक्टर बहुधा बदलतील. नव्या रेक्टरच्या शोधाला वर्ष-दीड वर्ष सहज लागते आणि एकट्या पाळकाच्या उत्साहावर उभ्या असलेल्या योजना त्या काळात कपाटात पडून राहतात. म्हणून प्रत्येक कामामागे सभासदांपैकी दोन नावे असू द्या. व्हेस्ट्रीचे एकतृतीयांश सभासद दर वर्षी बदलत असतील, तर दर जानेवारीत नव्या सभासदांबरोबर योजना पुन्हा वाचण्याची प्रथा पाडा आणि वार्षिक सभेपुढे झालेले व न झालेले दोन्ही ठेवा.

प्रश्न : मंडळीची वाढ हे देवाचे काम आहे. पौल म्हणतो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवणारा देव आहे. मग दहा वर्षांचे आराखडे, आकडे आणि तक्ते हा अविश्वासच नव्हे काय?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : काका, आपला प्रश्न मी मनापासून मान्य करतो, आणि वरच्या उत्तरात संख्येचे ध्येय नको म्हटले त्यामागे हेच वचन आहे. परंतु त्याच वचनात लावणारा एक आहे आणि पाणी घालणारा दुसरा आहे. दोघांनाही कोणत्या शेतात जायचे ते ठाऊक होते. बुरूज बांधू इच्छिणारा माणूस आधी बसून खर्चाचा अंदाज करतो, हे तर प्रभूनेच सांगितले आहे. आपल्याकडे १८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१मध्ये नगरला काम सुरू केले, शाळा काढल्या, भाषा शिकली, १८४२मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक काढले. त्यातले प्रत्येक काम कोणीतरी वर्षानुवर्षांचा विचार करून केलेले होते. आणि ज्या मंडळीत आपण बसतो, ती त्यांनी कोणत्याही तक्त्यात लिहिलेली नव्हती. अमेरिकेतील पॅरिशने योजना करावी ती शेताची मशागत म्हणून. पीक किती येईल ते तीत लिहू नये.

प्रश्न : आमचे पॅरिश टेक्सासमध्ये, डॅलसच्या उत्तरेला कॉलिन काउंटीत आहे. आमची अडचण उलटी आहे. लोक येत आहेत, दहाच्या उपासनेला बसायला जागा नसते. व्हेस्ट्रीत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो मोठे चर्च बांधू, दुसरा म्हणतो जवळच्या नव्या वसाहतीत दुसरी मंडळी सुरू करू. आपले मत काय?
— एक वाचक, टेक्सास

उत्तर : बंधू, तुमच्या काउंटीची लोकसंख्या २०००मध्ये ४ लाख ९२ हजारांच्या जवळपास होती आणि २०२०मध्ये १० लाख ६४ हजारांवर गेली. अशा ठिकाणी वाढ दिसली की ती मंडळीची आहे की गावाची, हे आधी तपासले पाहिजे. उपस्थिती काउंटीच्या वेगाने वाढत असेल तर तुम्ही जेथे होता तेथेच आहात. शिवाय तेथील कुटुंबे नोकरीच्या बदलीने येतात आणि तशीच जातात, म्हणून आलेल्यांबरोबर गेलेल्यांचीही नोंद ठेवा.

दोन्ही तटांना मी तिसरी गोष्ट सुचवतो : आधी आणखी एक उपासना सुरू करा. बाके ऐंशी टक्के भरली की नवे माणूस ‘येथे जागा नाही’ असे समजून परत जाते, हा पाळकांचा जुना अनुभव आहे, आणि वाहनतळाला तो अधिकच लागू पडतो. ऐन उन्हाळ्यात लांब गाडी लावून लहान मूल कडेवर घेऊन चालत येणारी आई दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. नव्या उपासनेला खर्च कमी लागतो आणि ती फसली तर बंद करता येते. बांधलेले चर्च बंद करता येत नाही. मात्र तिला वर्षभर तरी वेळ द्या, आणि गायकगटातील व संडेस्कूलमधील काही अनुभवी माणसांनी आपली नेहमीची जागा सोडून तिकडे गेलेच पाहिजे. ओस पडलेल्या उपासनेला नवे माणूस टिकत नाही.

नव्या मंडळीचा विचार त्यानंतर करा, पण सोडून देऊ नका. दीर्घ काळाचा विचार करता माझा कल त्या तटाकडे आहे. अशी मंडळी बिशपांच्या संमतीने आणि बहुधा मिशन म्हणून, म्हणजे धर्मप्रांताच्या आधाराने सुरू होते. ती स्वावलंबी झाली की पॅरिश होते. आरंभी शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन भागते. खरा खर्च पैशाचा नसून माणसांचा असतो : जी कुटुंबे पाठवाल ती तुमच्या सर्वांत उत्साही कुटुंबांपैकी असतील, त्यांची वर्गणीही त्यांच्याबरोबर जाईल, आणि उरलेल्यांना दोन-तीन वर्षे चर्च रिकामे वाटेल. हे आधी उघडपणे बोलले गेले असेल तर लोक ते सहन करतात. न बोलता केले, तर मंडळी फुटली अशी कुजबूज सुरू होते.

पुढील पत्रापूर्वी चार रविवारी तिन्ही गोष्टी मोजून घ्या : प्रत्येक उपासनेला भरलेली बाके, दहा वाजून पाच मिनिटांनी वाहनतळात उरलेल्या जागा, आणि संडेस्कूलमधील मुलांची वर्गवार संख्या. ईस्टरचा रविवार त्यात धरू नका. हे आकडे आले म्हणजे नवी उपासना शनिवारी संध्याकाळी ठेवावी की रविवारी सकाळी, याबद्दल नेमके लिहिता येईल.